जडभरताचे पाडस आणि आजचा स्वयंसेवक

आमच्या इमारतीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी राहते. गेले वर्षभर दर रविवारी सकाळी साडेसहाला ती दुचाकी काढते, शहराबाहेरच्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात जाते आणि दुपारी दोनच्या सुमारास घामाघूम होऊन परतते. तिच्या आईची तक्रार एकदा जिन्यातच माझ्या कानावर आली. "घरात स्वतःचं ताट उचलत नाही आणि तिकडे जाऊन पिंजरे धुते!" मला हसू आले, पण कुतूहलही वाटले. संध्याकाळी तिला सहज विचारले, "काय गं, वर्षभर जातेस, एखादं पाखरू तरी ओळखतं का तुला?" ती म्हणाली, "नाही काका, एकही नाही. ओळखायला लागलं तर आमचं चुकलं, असं समजतात तिथे."

या उत्तराने मला अनेक दिवस अस्वस्थ केले. सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कृतज्ञ चेहरा उभा राहतो. रुग्णाच्या नातेवाइकांचे पाणावलेले डोळे, वसतिगृहातून शिकून गेलेल्या विद्यार्थ्याचे दिवाळीतले पत्र, पूरग्रस्त गावातल्या आजीबाईंनी डोक्यावर ठेवलेला हात. कार्यकर्ता काही मागत नाही हे खरे, पण हे न मागता मिळते आणि त्यावर त्याची पुढची दहा वर्षे निघतात. जेथे हे काहीच मिळणार नाही, किंबहुना मिळाले तर काम फसले असे मानले जाते, अशा ठिकाणी एक विशीतली मुलगी दर रविवारी का जाते? आणि तिच्याकडून, सेवेचा वारसा सांगणाऱ्या आपण सर्वांनी काय शिकावे?

प्रथम या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. असे केंद्र म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे आणि पांजरपोळही नव्हे. येथे येणारा जीव राहण्यासाठी येत नाही, परत जाण्यासाठी येतो. मांजाने पंख चिरलेली घार, विजेच्या तारेवर होरपळलेले वटवाघूळ, घरटे पडल्याने खाली आलेली घुबडाची पिल्ले, विहिरीत पडलेला कोल्हा, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सापडलेला नाग, असे तेथले रुग्ण. उपचार पशुवैद्य करतात. स्वयंसेवकाच्या वाट्याला येते ते पिंजरे धुणे, विष्ठा काढणे, भांडी निर्जंतुक करणे, अन्नाचे वजन करणे, किती खाल्ले आणि किती टाकले याची नोंद ठेवणे. बोलायचे हळू. पिंजऱ्यावर कापड टाकलेले असते, ते कारणाशिवाय उचलायचे नाही. हरिणासारखा प्राणी माणसाच्या नुसत्या धाकाने, धरपकडीच्या ताणाने, स्नायू निकामी होऊन दगावू शकतो. तेव्हा त्याच्याकडे टक लावून न पाहणे हीदेखील सेवाच ठरते.

पहिल्याच आठवड्यात आपल्यासारख्या घरांतून गेलेल्या मुलांची एक कसोटी लागते. घारीला, घुबडाला, शिक्र्याला मांस लागते. नुसते बिनहाडाचे मऊ तुकडे देऊनही भागत नाही. कॅल्शियम न मिळाल्याने वाढत्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात, म्हणून हाडांसकट भक्ष्य द्यावे लागते. घुबड उंदीर सगळाच गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळीच्या रूपाने तोंडावाटे बाहेर टाकते. ती गोळी पडली की नाही, हेही स्वयंसेवकाने पाहायचे असते. ज्या घरात कांदा-लसूणही चातुर्मासात वर्ज्य, त्या घरातल्या मुलीने हातमोजे घालून हे काम करायचे. आमच्या शेजारणीचा खरा सल हाच होता, हे मला नंतर कळले. तिचे म्हणणे असे की, जीव वाचवायचा तर दुसरा जीव कशाला घ्यायचा?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो नवाही नाही. महाभारताच्या वनपर्वात शिबी राजाची कथा येते. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते, आणि मागोमाग आलेला ससाणा राजाला विचारतो, हे माझे अन्न आहे, ते तू काढून घेतलेस, मग मी आणि माझ्या पिल्लांनी काय करायचे? आपण या कथेतला राजाचा त्याग लक्षात ठेवतो, पण ससाण्याचा प्रश्न विसरतो. शिबी त्याला दुष्ट म्हणून हाकलून देत नाही. त्याचा भुकेचा अधिकार मान्य करतो आणि तराजूत स्वतःचे मांस ठेवतो. ससाण्याने धान्य खावे, असे तो सांगत नाही. ज्याची सेवा करायची त्याच्या प्रकृतीनुसार करायची, आपल्या आवडीनुसार नव्हे, हा या कथेचा दुसरा अर्थ या केंद्रांतल्या स्वयंपाकघरात रोज प्रत्ययाला येतो. घारीला दूध-भात भरवून मिळणारे पुण्य आपले असते, मरण मात्र घारीचे.

दुसरी कसोटी त्याहून अवघड. श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. ज्याच्या नावावरून या भूमीला भारत म्हटले गेले असे भागवत सांगते, तोच हा भरत. राज्य सोडून तो गंडकीच्या तीरी तप करीत असता सिंहाच्या गर्जनेने भेदरलेली गर्भिणी हरिणी नदीत उडी घेते. पाडस प्रवाहात पडते, हरिणी प्राण सोडते. भरत ते पाडस उचलून आश्रमात आणतो. येथपर्यंत सारे योग्यच. पण पुढे त्याला चारा घालणे, कुरवाळणे, ते दिसले नाही की व्याकूळ होणे, यात त्याचे तप सुटते आणि अंतकाळीही मन पाडसातच गुंतल्याने त्याला हरिणाचा जन्म घ्यावा लागतो. त्यानंतरच्या जन्मातला तो जडभरत. कीर्तनकार ही कथा आसक्तीच्या दोषासाठी सांगतात. वन्यजीवांवर उपचार करणारे तीच गोष्ट पाडसाच्या बाजूने सांगतील. त्या आसक्तीने भरताचे तप गेले, तसे पाडसाचे रानही गेले.

कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने हंसाच्या जातीतल्या पिल्लांवर केलेले काम प्रसिद्ध आहे. अंड्यातून बाहेर येताच ज्याच्यामागे ती चालू लागतात त्यालाच ती आई मानतात, हे त्याने दाखवले. १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसालाच आपले समजते. पोपटाच्या बाबतीत ते गोड वाटेल. बिबट्याच्या बाबतीत तो मृत्यूचा सापळा आहे. माणसाची भीती गेलेला बिबट्या वाडीवर येणार, आणि मग एक तर माणूस मरणार किंवा बिबट्या. म्हणून चांगल्या केंद्रांत पिल्लांना नावे ठेवण्याची हौस करू देत नाहीत, त्यांच्याशी बोलू देत नाहीत आणि भरवतानाही माणूस शक्यतो दिसू देत नाहीत. माया आवरणे हेच तेथले मायेचे रूप आहे.

जुन्नर परिसराचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. उसाच्या बागायतीने तेथे बिबट्याला दाट आडोसा दिला. मादी उसातच पिल्ले घालते आणि तोडणी सुरू झाली की ऊसतोड कामगारांना ती पिल्ले सापडतात. पूर्वी ती उचलून आणली जात, आणि उचलून आणलेले पिल्लू बहुधा जन्मभराचे कैदी होई. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून काम करतात. तेथील मंडळींनी वेगळी वाट धरली. पिल्लाची तपासणी करायची आणि ते जेथे सापडले तेथेच, संध्याकाळी, पेटीत ठेवून दूर सरायचे. रात्री आई येते, पिल्लू तोंडात धरते आणि निघून जाते. अशा अनेक भेटी कॅमेऱ्यांनी टिपलेल्या आहेत. एवढ्या धडपडीनंतर माणसाने करायचे ते एवढेच, की योग्य वेळी बाजूला व्हायचे.

बाजूला न होण्याची किंमतही याच तालुक्याने मोजली आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत येथे बिबट्यांचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले की, बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडल्याने प्रश्न सुटत नाही. जेथे ते सोडले जातात त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढतात. सद्हेतूने, घाईने केलेला उपाय दुसऱ्या गावाच्या जिवावर बेतला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. २०२५ च्या अखेरीस जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. गावकरी रस्त्यावर उतरले. ज्या आईचे लेकरू अंगणातून गेले, तिला शहरातल्या माणसाने भूतदयेचे धडे देऊ नयेत. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या तरुणाने त्या आईच्या दारातही जायला हवे. गोठ्याला जाळी बसवणे, रात्री शेताला पाणी देणाऱ्याला सोबत करणे, शाळेत जाणाऱ्या मुलांना सावधगिरी शिकवणे, हा त्याच सेवेचा भाग आहे. ज्याला फक्त प्राणी दिसतो आणि माणूस दिसत नाही, त्याला सृष्टीही पुरती दिसलेली नाही. पंडित दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. त्या विचारधारेत व्यष्टी, समष्टी, सृष्टी आणि परमेष्टी ही अखंड वर्तुळे मानली जातात. एक वर्तुळ तोडून दुसरे राखता येत नाही.

कोकण किनाऱ्यावर हे अधिक समाधानाने पाहायला मिळते. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन सागरी कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपणाच्या आत पुरायची, पन्नासएक दिवस वाट पाहायची आणि पिल्ले बाहेर आली की ती वाळूवर ठेवून मागे सरायचे. पाण्यापर्यंतचे अंतर पिल्लाने स्वतःच्या पायांनी तोडायचे असते. बघणाऱ्याचे हात शिवशिवतात, पण उचलून पाण्यात सोडायचे नाही. डहाणूच्या सागरी कासव उपचार केंद्रात पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली, जाळ्यात सापडून जखमी झालेली कासवे येतात. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांनी काहींचे वल्ह्यासारखे पाय कापले जातात. तेथेही स्थानिक तरुण टाक्या धुतात, पाणी बदलतात आणि बरे झालेले कासव पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करतात.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. आपल्या परंपरेत जीवमात्राविषयी जो आदर आहे तो जगात क्वचितच आढळेल. वैश्वदेवातला भूतयज्ञ, जेवणापूर्वीचा गोग्रास, काकबळी हे सारे त्याचेच आविष्कार. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोकाने माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. पण वारशाचा अभिमान वेगळा आणि आचरण वेगळे. नाग दूध पीत नाही हे शालेय पुस्तकात वाचूनही नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीपुढे वाटी ठेवली जाते. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला नमस्कार करावा, ते घुबड ऐन दिवाळीत जादूटोण्यासाठी मारले जाते. पुण्यासाठी बाजारातून मुनिया विकत घेऊन सोडणारा सज्जन हे ध्यानात घेत नाही की, त्याच्या पैशांनी पारधी उद्या दुप्पट जाळी लावणार. आणि संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलण्याचे आवाहन करतो, तेव्हा आपल्याच गच्चीवरून सुटलेला नायलॉनचा मांजा पुढचे दोन महिने झाडावर लोंबत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली अशा कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत केंद्रांतले पिंजरे भरतात आणि दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळेही कापले जातात. ही बंदी न्यायाधीशांनी का घालावी लागली? सण आपला, मग शिस्तही आपणच लावून घ्यायला हवी होती.

पाश्चात्त्यांच्या भोगवादी दृष्टीवर टीका करणे आपल्याला सोपे जाते, आणि तिला आधारही आहे. दक्षिण आफ्रिकेत सिंहांचे छावे आईपासून तोडून 'अनाथ' म्हणून दाखवले जात. पैसे भरून आलेले परदेशी स्वयंसेवक त्यांना बाटलीने दूध पाजत, छायाचित्रे काढत आणि पुण्य गाठीशी बांधून परत जात. वाढलेले सिंह पुढे कुंपणाच्या आत शिकाऱ्यांना विकले जात. ओरड झाल्यावर २०२१ साली तेथील सरकारने हा व्यवसाय संपवण्याचे धोरण जाहीर केले. ही सेवेची विटंबनाच. पण आपल्याकडेही साप पकडून गळ्यात घातल्याशिवाय सर्पमित्राचे छायाचित्र पूर्ण होत नाही. आणि मनाशी प्रामाणिक राहून विचारू या, आपल्या सेवाकार्यांच्या वृत्तांतही अलीकडे फलक आणि छायाचित्र आधी, काम नंतर, असे होऊ लागलेले नाही काय? स्वयंसेवक हा शब्द या पानांच्या वाचकांना नवा नाही. ठरल्या वेळी यायचे, सांगितलेले काम करायचे, नाव मागायचे नाही आणि उद्या पुन्हा यायचे, एवढाच त्याचा अर्थ आपण वर्षानुवर्षे शिकत आलो. त्या पिंजऱ्यांपुढे हाच अर्थ पुन्हा नव्याने तपासला जातो.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील, पाड्यावर औषध पोचत नाही, बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न सुटलेला नाही, तेथे घारीच्या पंखाचे कसले कौतुक? प्रश्न योग्य आहे आणि अग्रक्रम नाकारण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. केंद्रात येणाऱ्या जखमांतील बहुतेक माणसाने केलेल्या असतात. मांजा आपला, विजेची तार आपली, रस्ता आपला, जाळे आपले. तेव्हा तेथे केलेली शुश्रूषा हे दान नव्हे, ते ऋण फेडणे आहे. दुसरे असे की, जो तरुण आभाराविना, कौतुकाविना वर्षभर नेमाने काम करायला शिकला, तो पाड्यावरही टिकेल. हे मन घडवण्याची शाळा कोठेही भरली तरी ती आपलीच आहे.

म्हणून काही साध्या सूचना. आपल्या घरातल्या मुला-मुलींना अशा कामाची ओढ असेल तर अडवू नये. मात्र केंद्र वनविभागाच्या परवानगीने चालते का, हे आधी पाहावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीज व धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. किमान वर्षभर येईन, एवढा शब्द देऊन मगच जावे, कारण चार रविवारच्या उत्साहाने तेथल्या लोकांचे काम वाढतेच. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी निदान चुका टाळाव्यात. उन्हाळ्यात झाडाखाली दिसलेले पंख फुटलेले पिल्लू बहुधा अनाथ नसते, आई-बाप जवळच असतात. अगदी उघडे पिल्लू पडले असेल आणि घरटे हाताशी असेल तर परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत खोटी आहे. जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पाव आणि दूध तर मुळीच देऊ नये. हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव घरी ठेवणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग ते पाडस असो वा पोपट. आणि संक्रांत झाल्यानंतरच्या रविवारी, शाखेतल्या मुलांनी आपल्या वस्तीतल्या झाडांवरचा मांजा काढण्याचा उपक्रम घ्यावा. त्याला निधी लागत नाही, एक लांब काठी पुरते.

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. जानेवारीत आलेल्या ज्या घारीच्या नोंदी तिने कितीतरी रविवार ठेवल्या होत्या, तिचे काय झाले, असे मी विचारले. ती म्हणाली, "सोडली काका, बुधवारी. माझी परीक्षा होती, मी नव्हते. वहीत वाचलं." वहीत तारीख, वजन आणि पुढे 'सोडली' एवढा एकच शब्द होता म्हणे. तिला चुटपुट लागली असेल असे समजून मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "जागा झाली. रविवारी त्याच पिंजऱ्यात घुबड होतं."

तिची आई दारातच उभी होती. काही न बोलता तिने मुलीचे मळके हातमोजे बादलीत भिजत घातले.